मद्रासेस सांपडलेली सिल्व्हिया

कार्तिक वद्य एकादशीस आमच्या निर्मळची यात्रा भरते. श्रीशंकराचार्यांच्या समाधीच्या दर्शनास दुरून दुरून लोक येतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांस दुकानें लागतात, सुकेळ्यांच्या राशी पडतात, आणि ज्या घरांत एरव्हीं दहा पानें पुरतात तेथें पंचवीस पानें मांडावीं लागतात. गेल्या यात्रेच्या रात्रीं अशीच मोठी पंगत उठल्यावर आम्ही मुलांबाळांसह गच्चीवर जाऊन बसलों होतों. वद्य पक्षांतील रात्र. चंद्रोदयास अद्याप पुष्कळ अवकाश होता. पूर्वेकडचें आकाश नालासोपाऱ्याच्या दिव्यांनीं पांढुरकें झालेलें असतें. तरी त्यांतूनही कृत्तिका आणि रोहिणी वर चढलेल्या ओळखूं येत होत्या. आमच्या धाकट्या बंधूंची नात यंदा नववींत आहे. तिनें शाळेंत लघुग्रहांविषयीं कांहीं ऐकलें होतें. ती म्हणाली, “मोठे आजोबा, हे लघुग्रह शोधून काढणारे सगळे परदेशांतलेच दिसतात. आपल्या देशांतून एकसुद्धां सांपडला नाहीं का हो?”

आम्हीं क्षणभरही विचार न करितां उत्तर दिलें, “नाहीं, बाळ. आपल्याकडे त्या काळीं तशा दुर्बिणी कोठें होत्या?”

मुलगी गप्प बसली. उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों खरे, परंतु अंथरुणावर पडल्यावर झोंप येईना. कारण हाच प्रश्न आम्हांस पूर्वीं एकदां विचारला गेला होता. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा मूळ विषय संस्कृत. परंतु शाळेंत माणसें अपुरीं असल्यामुळें भूगोलाचे तासही आमच्याकडे येत. एका तासास आकाशाचें वेड असलेल्या एका विद्यार्थ्यानें उभें राहून नेमकें हेंच विचारलें होतें, आणि आम्हीं त्यालाही हेंच उत्तर, याच खात्रीनें दिलें होतें. तो मुलगा खालीं बसला, आणि त्यानंतर त्यानें आम्हांस आकाशाविषयीं पुन्हा कधीं कांहीं विचारलें नाहीं. मग आमच्या मनांत आलें कीं, हें उत्तर आम्हीं कोठें वाचलें होतें? आठवूं गेलों तों आठवेना. आम्हीं तें कधीं वाचलेंच नव्हतें. केवळ गृहीत धरिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर आम्हीं ग्रंथ चाळले, आणि जेथें ग्रंथ अपुरे पडले तेथें त्याच नातीस संगणकावर बसवून शोध घेतला. दोन दिवसांत आमचें पस्तीस वर्षांचें उत्तर साफ खोटें ठरलें. तीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम लघुग्रह म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मंगळ आणि गुरु यांच्या कक्षांमध्यें फार मोठें अंतर आहे. तेथें एखादा ग्रह असावा अशी युरोपांतील ज्योतिष्यांची पूर्वींपासून अटकळ होती. १ जानेवारी १८०१ रोजीं सिसिली बेटांतील पालेर्मो येथें पियात्सी नांवाच्या ज्योतिष्यास त्या जागीं ‘सेरेस’ सांपडला. पुढें तशींच आणखी पिंडें मिळत गेलीं, आणि तेथें एक मोठा ग्रह नसून लहान लहान पिंडांचा एक विस्तीर्ण पट्टाच आहे असें कळून आलें. आज त्यांची मोजदाद दहा लाखांच्या पलीकडे गेली आहे. परंतु १८६६ सालच्या आरंभीं शंभरही ठाऊक नव्हते. ज्या क्रमानें ते निश्चित झाले त्या क्रमानें त्यांस अंक दिलेले आहेत. आमची कथा ८७ या अंकाची आहे.

हा ८७ वा लघुग्रह म्हणजे ‘सिल्व्हिया’. ती पट्ट्याच्या बाहेरच्या अंगास, गुरूच्या बाजूस फिरते. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटि किलोमीटरांवर आहे, तर सिल्व्हिया सरासरीनें ५२ कोटि किलोमीटरांवर. आणि सूर्याभोंवतीं एक फेरा पुरा करण्यास तिला सुमारें साडेसहा वर्षें लागतात. गुरूस तोच फेरा पुरा करण्यास जवळ जवळ बारा वर्षें लागतात. ज्या कक्षेंत गुरूच्या एका फेऱ्यांत लघुग्रहाचे बरोबर दोन फेरे होतील, ती कक्षा जवळ जवळ ओस पडलेली आहे; कारण ठराविक काळानें त्याच त्या ठिकाणीं गुरूचा ओढा बसून पिंड तेथून ढळतात. सिल्व्हिया त्या ओसाड पट्टीच्याही पलीकडे राहते. एवढी ती आडगांवची रहिवासी आहे. आणि ती प्रथम दिसली ती लंडनेस नव्हे, पॅरिसेस नव्हे, तर आमच्याच मद्रासेस, १६ मे १८६६ रोजीं, म्हणजे शके १७८८ मध्यें.

मद्रासची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें बांधविली. तिची इमारत १७९२ सालीं पुरी झाली. १८६१ च्या आरंभीं तेथें नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हे मुख्य ज्योतिषी म्हणून आले. त्यांचा जन्म १८२९ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें झाला होता. ऑक्सफर्ड येथें काम करीत असतां त्यांस तीन लघुग्रह सांपडले होते. मद्रासेस आल्यावर दोन-तीन महिन्यांतच, १७ एप्रिल १८६१ रोजीं, त्यांनीं आणखी एक शोधिला. आशिया खंडांतून सांपडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून त्याचें नांव ‘एशिया’ असें ठेविलें. पुढें १८६४ सालीं ‘सॅफो’, १८६६ सालीं ‘सिल्व्हिया’, १८६८ सालीं ‘कॅमिला’ आणि १८८५ सालीं ‘व्हेरा’. याप्रमाणें एकट्या मद्रासेहून पांच लघुग्रह सांपडले. “एकसुद्धां नाहीं” असें सांगणारे आम्ही, आणि हे पांच!

त्या काळीं लघुग्रह शोधणें म्हणजे काय कष्ट होते तें आतां पाहूं. आकाशाचें छायाचित्र घेऊन लघुग्रह हुडकण्याची रीत १८९१ सालीं सुरू झाली. तत्पूर्वीं सारें काम दुर्बिणीस लावलेल्या डोळ्यावर चाले. शिवाय हीं पिंडें दुर्बिणींतूनही ताऱ्यासारखीं केवळ ठिपके दिसतात. मग हजारों ठिपक्यांतून हा तारा नव्हे, हें ओळखावयाचें कसें? आमच्या घरच्या पंगतीचा दाखला घ्यावा. यात्रेच्या दिवशीं पन्नास माणसें जेवावयास बसलीं असतां त्यांत एक अनोळखी पाहुणा येऊन बसला, तर तो कोणाच्या ध्यानांत येईल? वाढणाऱ्या पोरांच्या नव्हे. ज्या आजीबाईंस उरलेल्या एकूणपन्नासांचे चेहरे पाठ आहेत, त्यांच्याच ध्यानांत येईल. ज्योतिष्याचेंही तसेंच आहे. आकाशाच्या एका लहानशा तुकड्यांतील बारीकसारीक सर्व तारे नकाशावर मांडावयाचे, रात्रीमागून रात्र तो नकाशा आकाशाशीं ताडून पाहावयाचा, आणि एखादा ठिपका जास्त दिसला तर पुढच्या रात्रीं तो जागचा हालला कीं काय तें पाहावयाचें. हालला तरच तो पाहुणा. न हालला तर आपलाच नकाशा अपुरा. ज्या रात्रीं सिल्व्हिया दिसली तेव्हां अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे आकाश काळेंभोर असणार. बाकी मद्रासेचा मे महिना कसा असतो तें सांगावयास नको.

सिल्व्हियेचें तेज किती मंद आहे हें समजण्यास पॉगसन यांचेंच माप उपयोगी पडतें. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती मानण्याची पद्धति पुरातन आहे. सहाव्या प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसतो. परंतु एका प्रतींत आणि दुसरींत नेमकें अंतर किती, याचा पूर्वीं एक नियम नव्हता. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभरपट तेजस्वी धरावा, म्हणजे एकेका प्रतीस सुमारें २·५१२ पटीचा फरक पडतो, हें प्रमाण पॉगसननीं १८५६ सालीं सुचविलें, आणि आज सर्व जगांत तेंच चालू आहे. सिल्व्हिया सुमारें बाराव्या प्रतीची आहे. याचा अर्थ, तीक्ष्ण डोळ्यास जो तारा अगदीं शेवटचा दिसतो त्याच्याहूनही ती अडीचशेंपट अंधुक!

येथें एक गोष्ट विसरूं नये. वेधशाळेचें काम कोणा एकट्याच्यानें होत नाहीं. मद्रासेस पॉगसन यांच्या हाताखालीं चिंतामणी रघुनाथाचारी हे मुख्य हिंदी साहाय्यक होते. ताऱ्यांच्या स्थानांचे वेध घेण्यांत त्यांचा वांटा फार मोठा. १८६७ सालीं दक्षिण आकाशांतील एका रूपविकारी ताऱ्याचा, म्हणजे ज्याचें तेज कमीजास्त होत राहतें अशा ताऱ्याचा, शोध त्यांच्या नांवावर आहे. १८७२ सालीं ते लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ म्हणून त्यांचें नांव घेतात. जुन्या गणिताचें पंचांग आकाशाशीं जुळत नाहीं हें पाहून त्यांनीं तामिळ भाषेंत ‘दृग्गणित पंचांग’ काढिलें. दृक् म्हणजे पाहणें. डोळ्यांनीं जें दिसतें त्याच्याशीं जुळणारें गणित तें दृग्गणित.

हें वाचतांना आम्हांस आपल्या केरो लक्ष्मण छत्र्यांचें, म्हणजेच केरूनानांचें, स्मरण झालें. तरुणपणीं कुलाब्याच्या वेधशाळेंत नोकरी केलेला हा महाराष्ट्रीय गणिती याच काळांत तेंच म्हणत होता कीं, पंचांगांतील ग्रह आणि आकाशांतील ग्रह एके ठिकाणीं आले पाहिजेत. त्यांच्या गणितावरून निघूं लागलेलें पटवर्धनी पंचांग १८६५ सालचें, म्हणजे सिल्व्हिया सांपडण्याच्या आदल्याच वर्षीचें. त्या पंचांगावरून आपल्या वडीलधाऱ्यांत जे वाद झाले ते कित्येक घरांतून अजून सांगितले जातात. एक तामिळ प्रांतांत, एक महाराष्ट्रांत; परंतु दोघांचें म्हणणें एकच कीं, आधीं वर पाहा, मग सांगा.

आमच्या वाचकभगिनींसाठीं पॉगसन यांच्या घरांतील एक हकीकत सांगतों. त्यांच्या कन्येचें नांव आयसिस. ऑक्सफर्डला १८५६ सालीं वडिलांस सांपडलेल्या ४२ व्या लघुग्रहाचें नांवही ‘आयसिस’च आहे. मुलगी आईबापांबरोबर मद्रासेस आली आणि १८७३ पासून वेधशाळेंत गणिताचें काम करूं लागली. वेतन दरमहा दीडशें रुपये. पुढें १८८१ सालीं मद्रास सरकारच्या हवामान खात्याचें जबाबदारीचें काम तिच्याकडे आलें. १८८६ सालीं वडिलांनीं तिचें नांव त्याच रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं सुचविलें. तेव्हां सोसायटीच्या नियमांत सभासदासाठीं पुल्लिंगी सर्वनाम योजलेलें आहे, सबब स्त्रीस सभासद होतां येत नाहीं, असा अर्थ निघाला आणि नांव मागें घ्यावें लागलें. आम्हीं जन्मभर व्याकरण शिकविलें. परंतु एका सर्वनामाचें लिंग एखाद्या विदुषीस चौतीस वर्षें दाराबाहेर उभें करूं शकतें, हें आम्हांस नवें होतें. १९२० सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्यांस तें सभासदत्व मिळालें. वडील १८९१ सालींच मद्रासेस निवर्तले होते.

आतां पुन्हा सिल्व्हियेकडे वळूं. तिच्या नांवाचाही एक घोटाळा झाला होता. प्रसिद्ध फ्रेंच ज्योतिषी कामिय फ्लामारियाँ यांच्या पत्नीचें नांव सिल्व्ही, त्यावरून हें नांव पडलें असें एका ग्रंथांत आलें आणि तेंच पुढें पुष्कळांनीं लिहिलें. परंतु पॉगसन यांचें मूळ निवेदन काढून पाहतां त्यांनीं स्पष्ट सांगितलेलें आढळलें कीं, हें नांव रोमच्या पुराणांतील रिआ सिल्व्हियेचें आहे. लॅटिन भाषेंत ‘सिल्व्हा’ म्हणजे वन. तेव्हां संस्कृतांत तिला ‘वनजा’ म्हणावयास हरकत नाहीं. तिला जुळे पुत्र झाले, रोम्युलस आणि रीमस. ते नदींत सोडून दिले असतां एका लांडगीनें त्यांस दूध पाजून जगविलें आणि पुढें रोम्युलसानें रोम नगरी वसविली, अशी ती कथा आहे. वनाशीं जोडलेली माता आणि तिचे जुळे पुत्र म्हटल्यावर मराठी वाचकास वाल्मीकींच्या आश्रमांतील सीता आणि लव-कुश आठवल्यावांचून राहणार नाहींत.

आणि खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. सिल्व्हिया सांपडल्यावर १३५ वर्षांनीं, फेब्रुवारी २००१ मध्यें, हवाई बेटांवरील केक नांवाच्या प्रचंड दुर्बिणींतून मायकेल ब्राऊन आणि झां-लूक मार्गो यांस तिच्याभोंवतीं फिरणारा एक लहानसा चंद्र दिसला. पुढें २००४ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांतल्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत फ्रांक मार्किस आणि त्यांचे सहकारी यांस दुसराही चंद्र सांपडला. हवेच्या चळवळीमुळें तारे लुकलुकतात आणि चित्र पुसट होतें. तो दोष दुर्बिणीचा आरसा क्षणाक्षणास सूक्ष्म रीतीनें वांकवून काढण्याची युक्ति निघाल्यामुळेंच हें शक्य झालें. दोन चंद्र असलेला लघुग्रह जगास तोंपर्यंत ठाऊक नव्हता, हा पहिलाच. ही वार्ता ऑगस्ट २००५ मध्यें जाहीर झाली. चंद्रांचीं नांवें अर्थातच रोम्युलस आणि रीमस. रोम्युलस सुमारें १३५० किलोमीटर अंतरावरून साडेतीन दिवसांहून थोड्या अधिक काळांत, तर रीमस सुमारें ७०० किलोमीटरांवरून ३३ तासांत आईभोंवतीं फेरा घालतो.

मुलें सांपडलीं म्हणून आईचें वजनही कळलें! चंद्र किती अंतरावरून किती वेळांत फिरतो यावरून मधल्या पिंडाचें वस्तुमान गणितानें काढतां येतें. सिल्व्हियेचा सरासरी व्यास सुमारें २७० किलोमीटर, म्हणजे आमच्या निर्मळपासून रत्नागिरीपर्यंत आकाशमार्गें जितकें अंतर तितका. परंतु ती गोल नाहीं. बटाट्यासारखी लांबट आहे आणि सुमारें ५ तास ११ मिनिटांत स्वतःभोंवतीं फिरते. एवढ्या मोठ्या पिंडाची घनता पाण्याच्या दीडपटही भरेना. घट्ट दगड याच्या दुपटीनें जड असतो. यावरून ती एकसंध खडक नसून, कोण्या पुरातन टकरींत फुटलेले तुकडे पुन्हा एकत्र येऊन झालेली, आंत पोकळ्या राहिलेली रास असावी असें अनुमान निघतें. आणि हे दोन चंद्रही त्याच मोडतोडींतून उरलेले असावेत. पॉगसननीं १८६८ सालीं मद्रासेहूनच शोधिलेली ‘कॅमिला’, तिच्याभोंवतींही पुढें दोन चंद्र आढळले. ज्यानें प्रथम पाहिलें त्यास एक हालता ठिपका तेवढा दिसला. त्या ठिपक्याचें घराणें कळण्यास चार-पांच पिढ्या जाव्या लागल्या. परंतु पहिल्या पाहणारानें तारीख आणि जागा चोख लिहून ठेविली नसती, तर पुढच्यांनीं पाहिलें असतें कोठें?

मद्रासच्या वेधशाळेचें ज्योतिषाचें काम १८९९ सालीं कोडाईकनालास गेलें. जुन्या जागीं, आतांच्या चेन्नईंत, दुर्बिणीचा भार वाहणारा एक दगडी खांब मात्र उभा आहे. व्हेरानंतर शंभरांहून अधिक वर्षें गेलीं, आणि १७ फेब्रुवारी १९८८ रोजीं तामिळनाडूंतीलच कावलूर येथील वेधशाळेंतून आर्. राजमोहन यांनीं ४१३० वा लघुग्रह शोधिला. त्यास ‘रामानुजन’ हें नांव आहे. आतां तर शाळकरी मुलेंही या कामांत हात घालूं लागलीं आहेत. एका आंतरराष्ट्रीय योजनेंत मोठ्या दुर्बिणींनीं कांहीं मिनिटांच्या अंतरानें घेतलेलीं आकाशाचीं चित्रें मुलांकडे येतात. मुलें तीं संगणकावर एकामागून एक पाहून कोणता ठिपका हालला तें कळवितात. साधनें बदललीं, रीत तीच राहिली.

हें सारें आम्हीं आमच्या नातीस सांगितलें, आणि प्रथम सांगितलें तें हें कीं, “त्या रात्रीं मीं तुला चुकीचें सांगितलें.” ती हसली आणि म्हणाली, “मग दुर्बीण कितीची लागेल सिल्व्हिया पाहावयास?” आमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनीं ती कधींच दिसावयाची नाहीं. सहा-आठ इंची आरशाची दुर्बीण, ताऱ्यांचा चांगला नकाशा आणि वस्तीच्या दिव्यांपासून दूर एखादी काळोखी जागा हवी. तूर्त घरांत त्या खर्चाची वाटाघाट चालू आहे, आणि आमच्या वहिनी मुलीच्या बाजूस आहेत!

दुसरें कर्तव्य राहिलें होतें. त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळवून आम्हीं त्यास सविस्तर पत्र लिहिलें. तो आतां पन्नाशीस आला असून हिशेबाचें काम करितो. त्याचें उत्तर चार ओळींचें आलें. पहिली ओळ अशी होती: “गुरुजी, मी तो प्रश्न विसरलों नव्हतों.”

ती ओळ आम्हीं पुष्कळ वेळ हातांत धरून बसलों. मोठ्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा शब्द शेवटचा असतो. म्हणूनच तो फार सांभाळून टाकावा लागतो. मूल कांहीं विचारील तेव्हां ठाऊक नसलेल्या गोष्टीस “नाहीं” म्हणण्यापेक्षां “पाहून सांगतों” एवढे दोन शब्द उच्चारण्यांत वडीलकीस कांहीं उणेपणा येत नाहीं. मद्रासेच्या त्या वेधशाळेंत वर्षानुवर्षें दुसरें काय चाललें होतें? पाहावयाचें, आणि मग सांगावयाचें.